राइड कॅन्सल, विमाही कॅन्सल!

पहाटेचे साडेपाच. स्वारगेट. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मान वाकडी करून झोपलेले तुम्ही खाली उतरता. पाठीवर सॅक, एका हातात आईने दिलेली फराळाची पिशवी, दुसऱ्या हातात ११ टक्के बॅटरीचा मोबाईल. ॲप उघडता, रिक्षा बुक करता. पाचेक मिनिटांत रिक्षा येते. पण रिक्षावाले दादा ओटीपी विचारतच नाहीत. ते विचारतात, "किती दाखवतंय?"

तुम्ही आकडा सांगता.

"मग असं करा ना, कॅन्सल मारा. तेवढेच कॅश द्या मला."

तुम्ही काय करता? खरं सांगा. मीही तेच करत आले आहे. दादांचं कमिशन वाचतं, आपली दुसरी रिक्षा शोधायची कटकट वाचते, कधी कधी दहा-वीस रुपयेही वाचतात. कोणाचंच नुकसान नाही, असं वाटतं.

माझ्या वर्गातल्या एका मित्रालाही तसंच वाटलं होतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तो बार्शीहून परत येत होता. बुकिंग करताना त्याने खाली दिसणारी एक रुपयाच्या विम्याची टिकसुद्धा केली होती. मग रिक्षा आली, दादांनी विचारलं, याने कॅन्सल केलं. दांडेकर पुलाच्या चौकात एका टेम्पोने कट मारला आणि रिक्षा आडवी झाली. टेम्पो थांबला नाही. मित्राचं मनगट आणि कॉलरबोन मोडलं. मनगटात प्लेट बसवली. सगळं मिळून बिल झालं ऐंशी हजारांच्या वर. वडिलांचं बार्शीत छोटं दुकान आहे. त्यांनी ते पैसे कसे उभे केले, हे त्याने आम्हाला खूप उशिरा सांगितलं.

हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या त्याला तो एक रुपया आठवला. ॲप उघडून बघितलं, तर 'माय राइड्स'मध्ये एकच शब्द होता : कॅन्सल्ड. राइड झालीच नाही, तर राइडचा विमा कुठून येणार? विमा कंपनीच्या दृष्टीने तो त्या पहाटे रिक्षात बसलेलाच नव्हता.

हा लेख त्या एका रुपयाबद्दल आहे. तो द्यायचा की नाही, दिला तर त्यात नेमकं काय मिळतं, आणि तो नसला तरी तुमचे कोणते हक्क शाबूत राहतात, याबद्दल.

एक रुपयात येतं काय?

ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना तुम्ही प्रवास विम्याचा पर्याय पाहिला असेल. आयआरसीटीसीने तो २०१६ मध्ये सुरू केला, तेव्हा हप्ता होता ९२ पैसे. पुढे तो आणखी खाली आला. आजही तो रुपयाच्या आतच आहे आणि अपघाती मृत्यू झाला तर भरपाई १० लाख रुपये. एसटीने जात असाल तर तिकिटातच अपघात सहाय्यता निधीचा एक रुपया असतो, तोही २०१६ पासूनच. तिथे टिक वगैरे काही नाही, सगळ्यांकडून घेतला जातो.

कॅब आणि रिक्षाच्या ॲपवर हा प्रकार आला २०१८ मध्ये. ओलाने तेव्हा शहरातल्या राइडसाठी १ रुपया, तासांवर घेतलेल्या रेंटलसाठी १० रुपये आणि गावाबाहेरच्या राइडसाठी १५ रुपये असा ऐच्छिक विमा आणला. संरक्षण ५ लाखांपर्यंत. अपघाताचा वैद्यकीय खर्च, ॲम्ब्युलन्स, एवढंच काय, हरवलेलं सामान आणि चुकलेलं विमान हेही त्यात होतं. उबरने २०१९ मध्ये वेगळे पैसे न घेता प्रवाशांना विमा जाहीर केला : अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला ५ लाख, हॉस्पिटलमधल्या उपचारांना २ लाखांपर्यंत. हे सुरुवातीचे आकडे आहेत. विमा कंपन्या बदलतात, अटी बदलतात, त्यामुळे आज तुमच्या ॲपमध्ये काय लिहिलंय ते तिथेच बघायचं.

आता प्रश्न पडतो, एवढ्या स्वस्तात यांना परवडतं कसं? उत्तर सोपं आहे. विमा उतरतो तो फक्त त्या राइडपुरता. वीस मिनिटं, फार तर पाऊण तास. लाखो लोक रुपया रुपया टाकतात, त्यातल्या अगदी मोजक्यांना त्या वीस मिनिटांत काही होतं. त्यामुळे 'स्वस्त आहे म्हणजे फसवणूक असणार' हेही खरं नाही आणि 'एक रुपयात पाच लाख, भारीच की' हेही पूर्ण खरं नाही. तुम्ही एक खूप छोटी गोष्ट खूप कमी पैशात विकत घेताय, एवढंच.

आणि रस्त्यावरचा धोका काल्पनिक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती. म्हणजे आपल्याच वयापासून सुरू होणारा गट.

टिक करण्याआधी चार गोष्टी

मित्राच्या प्रकरणानंतर मी पहिल्यांदा या विम्याच्या अटी बसून वाचल्या. मेसमध्ये जेवणाची वाट बघताना वाचून होतील एवढ्याच असतात. त्यात चार गोष्टी शोधा.

पहिली, विमा कधी सुरू होतो आणि कधी संपतो. साधारणपणे ॲपवर राइड सुरू झाल्यापासून ती संपेपर्यंत. मधला ओटीपी हा नुसता सोपस्कार नाही. तो दिला की तुम्ही गाडीत बसल्याची वेळेसकट नोंद होते. आधीच कॅन्सल केलं किंवा "इथेच एंड करतो, पुढे सोडतो तुम्हाला" असं म्हणून राइड अर्ध्यात संपवली, तर त्यापुढचा रस्ता तुमचा तुम्ही.

दुसरी, विमा कोणाचा. आपण एकाच्या फोनवरून दुसऱ्यासाठी राइड बुक करतो, रूमवरचे तिघं एकाच रिक्षात कोंबून बसतो. विमा फक्त अकाउंट ज्याच्या नावावर आहे त्याचा, की बसलेल्या सगळ्यांचा? प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं असू शकतं. वाचल्याशिवाय धरून चालू नका.

तिसरी, पैसे कशाचे मिळतात. मृत्यू आणि कायमचं अपंगत्व सगळीकडे असतं. पण आपल्यासारख्यांना जास्त शक्यता कशाची? हात मोडण्याची, पाय मोडण्याची. त्याचा हॉस्पिटलचा खर्च आहे का, किती आहे, आणि ॲडमिट न होता नुसतं प्लास्टर घातलं तरी मिळतो का, हे बघा. दारू किंवा इतर नशेत असताना झालेला अपघात बहुतेक पॉलिसींमध्ये चालत नाही, हेही लक्षात ठेवा. थर्टी फर्स्टला विशेष.

चौथी, नॉमिनी. हा शब्द वाचला की आपण पुढे सरकतो. वीस-बावीसाव्या वर्षी नॉमिनी कोण भरतं! पण रेल्वेच्या विम्यात बुकिंगनंतर विमा कंपनीकडून मेसेज येतो, त्यातल्या लिंकवर नॉमिनीचं नाव टाकायचं असतं. तो मेसेज आपण सेलच्या जाहिरातींसोबत डिलीट करून टाकतो. उद्या काही झालं, तर आई-वडिलांनी आधीच्या दुःखात आणखी वारसाचे कागद गोळा करत फिरायचं का? दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी एक. ती टिक तुम्ही स्वतः केलेली असायला हवी. ग्राहकाला न विचारता बिलात एखादी जास्तीची गोष्ट घुसवणं याला 'बास्केट स्नीकिंग' म्हणतात आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते चालत नाही. विमा चांगला असला तरी तो आपण विचारून घ्यायचा. आपल्याला न विचारता गळ्यात पडलेला विमा आपल्या लक्षातही राहत नाही, आणि लक्षात नसलेल्या विम्याचा क्लेम कोण करणार?

राइड संपली, धोका नाही

आता थोडा हिशोब. कॉलेजला जाताना एक राइड, येताना एक. महिन्याचे २५ दिवस, वर्षाचे १० महिने. झाल्या ५०० राइड, म्हणजे ५०० रुपये. एक रुपया वाटतो तितका एक रुपया राहत नाही. आणि एवढं करून तुम्ही पायी रस्ता ओलांडताना, मित्राच्या गाडीवर मागे बसलेले असताना किंवा पीएमपीच्या बसमध्ये लटकताना उघडेच.

याच्या शेजारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना ठेवून बघा. २०१५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा वर्षाला १२ रुपये होते, २०२२ पासून २० रुपये. हो, वर्षाला वीस. कटिंग चहा आणि क्रीमरोलचे पैसे. वय १८ ते ७० आणि बँकेत खातं, एवढीच गरज. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय गमावले तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा गेला तर १ लाख. अपघात कुठेही होवो, कधीही होवो. वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात आणि पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. मेच्या शेवटी खात्यात वीस रुपयेही नसतील, तर मात्र विमा बंद पडतो. महिनाअखेर आपल्या खात्यांची अवस्था काय असते ते मी सांगायला नको.

पण इथेही नीट समजून घ्या. या योजनेत माझ्या मित्राच्या मोडलेल्या मनगटाला एक रुपयाही मिळाला नसता. ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, हॉस्पिटलच्या बिलासाठी नाही.

त्याहून मोठं संरक्षण हवं असेल, तर 'सरल सुरक्षा विमा' हे नाव लक्षात ठेवा. विमा नियामक आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिलेली ही वैयक्तिक अपघात पॉलिसी आहे, २०२१ पासून मिळते. किमान अडीच लाखांचं संरक्षण, अटी सगळीकडे त्याच, हप्ता मात्र कंपनीनुसार वेगळा. म्हणजे तुलना करणं सोपं. अपघातामुळे ॲडमिट व्हावं लागलं तर तो खर्चही ठराविक मर्यादेपर्यंत जोडून घेता येतो. आणि हे सगळं करण्याआधी ॲडमिशनच्या फीची पावती काढा. बऱ्याच कॉलेजांच्या पावतीवर 'विद्यार्थी विमा' अशी एक ओळ असते. पैसे तुम्ही भरलेलेच असतात. ऑफिसच्या खिडकीवर जाऊन विचारा, कसला विमा, कितीचा, क्लेम कुठे करायचा.

मग ॲपवरचा एक रुपया वाया गेला का? नाही. माझं मत असं, की आधी वर्षाचा विमा घ्या, मग राइडचा. रोजच्या दहा मिनिटांच्या अंतराला टिक केली नाही तरी चालेल. रात्रीची, लांबची, हायवेवरची राइड असेल, तर करा. विशेषतः हॉस्पिटलचा खर्च त्यात असेल, तर नक्की करा.

जो विमा कॅन्सल होत नाही

हा भाग आम्हाला कोणालाच माहीत नव्हता. मित्र महिनाभर "माझीच चूक, मीच कॅन्सल केलं" म्हणून गप्प बसला. पण कॅन्सल झाला तो ॲपचा विमा. रिक्षाचा विमा कुठे गेला?

मोटार वाहन कायद्यानुसार रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. रिक्षा किंवा टॅक्सीच्या बाबतीत त्यात भाडं देऊन बसलेला प्रवासीसुद्धा येतो. तुम्ही ॲपवरून बसलात, हात करून बसलात की कॅश देऊन बसलात, याने फरक पडत नाही. हा विमा गाडीला चिकटलेला असतो, बुकिंगला नाही. भरपाई मागायची ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची होती हे सिद्ध न करताही मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. आणि हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. नुकसान त्याहून जास्त असेल, तर दुसऱ्या कलमाखाली जास्त मागता येतं. तिथे चूक दाखवावी लागते.

आपल्यासारख्यांच्या सोयीच्या दोन गोष्टी. दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो असं नाही, तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. शिकायला पुण्यात आणि घर परभणीला असलेल्यांसाठी हे मोठंच आहे. आणि वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथे मोफत वकील मिळतो. फक्त उशीर करू नका. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे.

बाइक टॅक्सीचं गणित मात्र वेगळं आहे. त्यासाठी बसण्याआधी नंबर प्लेटचा रंग बघायची सवय लावा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक. इलेक्ट्रिक गाडीला हिरवी पाटी असते. त्यावर पांढरी अक्षरं असतील तर खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'भाड्याने वापरायची नाही' अशी अट असते. पांढऱ्या पाटीच्या बाइकवर पैसे देऊन बसलात आणि अपघात झाला, तर विमा कंपनी याच अटीवर बोट ठेवू शकते. महाराष्ट्रात बाइक टॅक्सीवरून २०२३ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२५ मध्ये राज्याने ई-बाइक टॅक्सीसाठी नियम आणले, त्यामागे सुरक्षेचा हा मुद्दाही होता. वीस रुपये वाचवताना आपण कोणत्या रंगाच्या पाटीवर बसतोय, एवढं तरी माहीत असू द्या.

"पोलिसांची भानगड नको"

मित्राची पहिली चूक कॅन्सल करण्याची होती. दुसरी त्याहून मोठी होती, आणि ती आपल्यापैकी कोणीही करेल.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? रिक्षावाल्या दादांनाही खरचटलं होतं. त्यांनीच याला उचलून आणलं होतं, ते घाबरलेले होते. याला वाटलं, बिचाऱ्यांना कशाला त्रास, आणि आपल्यामागे तरी पोलिसांची भानगड कशाला. म्हणाला, "पायऱ्यांवरून घसरलो." झालं. केस पेपरवर तेच लिहिलं गेलं.

त्या एका वाक्याची किंमत बघा. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना मे २०२५ मध्ये लागू झाली. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये. तुमच्याकडे स्वतःचा विमा असो वा नसो. ऐंशी हजारांचं बिल त्यात बसण्यासारखं होतं. पण ती योजना रस्ते अपघातासाठी आहे आणि त्यात पोलिसांकडून अपघाताची खातरजमा होते. पायऱ्यांवरून घसरणाऱ्यांसाठी ती नाही.

रिक्षावाल्या दादांना वाचवायला म्हणून तो खोटं बोलला. खरं सांगितलं असतं, तर पैसे दादांच्या खिशातून नाही, त्यांनी दर वर्षी हप्ता भरलेल्या विमा कंपनीकडून गेले असते. विमा त्यासाठीच असतो. ज्याने तुम्हाला उचलून दवाखान्यात नेलं, त्याच्याशी वाईट न वागताही तुमचा हक्क मागता येतो, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

मला या सगळ्यातून कळलं ते इतकंच, की विम्यात पैशांच्या आधी नोंद लागते. तुम्ही त्या गाडीत होतात याची नोंद, अपघात झाला याची नोंद, त्यातच लागलं याची नोंद. या तीन नोंदी असतील तर एक रुपयाचा विमाही कामाला येतो. नसतील तर पाच लाखांचा विमाही नुसता आकडा राहतो. आणि आपण काय करतो? पहिली नोंद "कॅन्सल मारा" म्हटल्यावर पुसतो, दुसरी पोलिसांना घाबरून होऊ देत नाही, तिसरी स्वतःच्या तोंडाने बदलतो.

मित्राचं पुढे काय झालं?

त्याला वाचवलं ते त्याच्या आईच्या एका सवयीने. रिक्षा बुक झाली की स्क्रीनशॉट पाठवायचा, हा तिचा नियम. आम्ही त्याला यावरून भरपूर चिडवायचो. त्या पहाटेही रिक्षा यायच्या आधी त्याने तो पाठवला होता. ॲपवरची राइड कॅन्सल झाली तरी आईच्या व्हॉट्सॲपवर रिक्षाचा नंबर, वेळ, कुठून कुठे, सगळं शिल्लक होतं. चौकातल्या चहाच्या टपरीवरच्या काकांनी अपघात पाहिला होता. त्या जोरावर उशिरा का होईना पोलिसांत नोंद झाली, विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाले आणि सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला. केस पेपरवरच्या त्या पायऱ्या आता त्याच्या वकिलांना उतरायच्या आहेत. निकाल लागायचाय. मनगट अजून पूर्ण वळत नाही, आणि त्या सेमिस्टरचा एक विषय राहिलाय.

पण आता स्वारगेटला उतरल्यावर कोणी "कॅन्सल मारा ना दादा" म्हटलं, की तो हसून म्हणतो, "कॅश देतो की, पण राइड चालू राहू द्या. हा घ्या ओटीपी." बरेच जण ऐकतात. जे ऐकत नाहीत, त्यांची रिक्षा तो सोडतो.

आणि आम्ही सगळे आता घरी स्क्रीनशॉट पाठवतो. कोणी चिडवत नाही.

अपघात झालाच, तर

• आधी ११२ ला फोन. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, कायद्याचं त्याला संरक्षण आहे. त्यामुळे दुसऱ्या कोणाला लागलं असेल तरी थांबा.

• गाडीच्या नंबरचा, जागेचा आणि शक्य असेल तर समोरच्या गाडीचाही फोटो काढा. ॲपमधल्या राइडचा स्क्रीनशॉट लगेच घ्या.

• डॉक्टरांना जसं घडलं तसंच सांगा. वाहन अपघात अशी नोंद झाली का, हे केस पेपरवर स्वतः वाचा.

• पोलिसांत नोंद करा आणि तिची प्रत घ्या. दुसऱ्या दिवशी गेलात तरी चालेल, पण जा.

• बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड हे सगळं मूळ प्रतीत जपून ठेवा. फोटोही काढून ठेवा.

• ॲपमधून आणि विमा कंपनीला, दोन्हीकडे लेखी कळवा. फोनवर बोललात तरी नंतर ईमेल करा.

• क्लेम नाकारला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करा. त्यापुढे विमा लोकपाल आहेत. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.